जर्मन मुलाशी लग्न ठरलंय : नागरिकत्व कधी मिळतं, घ्यावं का, आणि बाबांच्या शेतीचं काय?

ऊसपट्टा

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, सध्या नोकरीसाठी पुण्यात, बाणेरला. येत्या डिसेंबरात माझं लग्न ठरलंय. मुलगा जर्मन आहे, न्यूर्नबर्गचा. आम्ही एकाच प्रोजेक्टवर होतो, तो काही महिने पुण्याच्या ऑफिसात येऊन राहिला होता, तिथली ओळख. घरी सांगितल्यावर बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग तो गावी येऊन राहून गेला. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची होती. बाबा उसाला पाणी द्यायला निघाले तर हाही बॅटरी घेऊन मागोमाग गेला, आणि पहाटे दोघं चिखलाने माखून बरोबरच परत आले. बाबा आईला एवढंच म्हणाले, "पोरगं कामाचं हाय."

घरचा प्रश्न सुटला. आता लोकांचं बोलणं आणि कागदपत्रं राहिली. जो तो म्हणतो की लग्न लागलं की हिला जर्मन पासपोर्ट मिळणार. एक आत्या तर चारचौघांत म्हणाली की पासपोर्टसाठीच चाललंय हे सगळं. मला ते फार लागलं, कारण मी त्या दृष्टीने कधी विचारच केला नव्हता. पण आता करायला हवा, म्हणून विचारते.

लग्न इथे रजिस्टर करावं की तिकडे? नागरिकत्व खरंच लग्नाने मिळतं का, आणि किती वर्षांनी? ते घेतलं तर भारताचं सोडावंच लागतं ना? आई-बाबांसाठी वरचेवर यावं लागणार, त्याचं काय?

आणि सगळ्यात मोठी चिंता शेतीची. आम्ही दोघं भावंडं, मी आणि धाकटा भाऊ. भावकीतले एकजण सांगून गेले की परदेशी नागरिक झालीस की सातबाऱ्यावर तुझं नाव लागू शकत नाही, तेव्हा लग्नाआधीच हक्कसोडपत्र करून मोकळी हो. भाऊ स्वतः काहीच म्हणालेला नाही, तो गप्प आहे. मला त्याच्याशी वाद नको आहे, पण घाबरून सहीही करायची नाही.

शेवटचं विचारायला जड जातंय. उद्या देव न करो आणि नाही पटलं, तर तिथे माझं काय? आई म्हणते असं तोंडातून काढू नये. पण माहीत असलेलं बरं.

जर्सीकर

अभिनंदन! जर्मनीचं मला सांगता येणार नाही, पण आत्याबाईंना सांगायला एक उदाहरण देतो. इथे अमेरिकेतही लग्नाने पासपोर्ट मिळत नाही. माझी बायको इथली नागरिक. ग्रीन कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर पहिलं कार्ड दोनच वर्षांचं, सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत संसार खरा आहे याचे पुरावे देऊन ती अट काढून घ्यावी लागते. ग्रीन कार्डवर तीन वर्षं झाली आणि ती तीनही वर्षं जोडीदाराबरोबर राहून काढली, की मग नागरिकत्वाचा अर्ज. त्यात पुन्हा इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आणि मुलाखत. एकत्र बँक खातं, घराचा करार, विम्यावर एकमेकांची नावं, हे सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. कुठल्याही देशात उपयोगी पडतं.

पेग्नित्झकाठ

ऊसपट्टा, मनापासून अभिनंदन. मी मूळची मिरजेची, म्हणजे तुझ्या शेजारचीच. २०१६ पासून फ्युर्थला राहते, न्यूर्नबर्गला खेटून असलेलं गाव. नवरा जर्मन, एक मुलगी आहे, आणि मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आत्यांच्या बोलण्याचं आधी. एके काळी जर्मनीत खरंच तसं होतं. १९१३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी बाई जर्मन पुरुषाशी लग्न करून जर्मन व्हायची, आणि जर्मन बाईने परक्याशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जायचं. बाईला स्वतःचा देशच नाही, नवऱ्याचा तोच तिचा, अशी ती समजूत. स्त्री-पुरुष समानतेच्या तत्त्वामुळे १९५३ मध्ये ते संपलं. आज लग्नाने तुला मिळतो तो इथे येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क. नागरिकत्व मिळतं इथे राहून, भाषा शिकून, स्वतःच्या पायावर उभं राहून. जर्मन नवऱ्यामुळे फक्त वाट पाहण्याची वर्षं कमी होतात. एरवी पाच वर्षं लागतात, तुला तीन. त्या तीन वर्षांत लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि अर्ज मंजूर होताना संसार चालू हवा. विशेष प्रगती दाखवणाऱ्या कुणालाही तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद २०२४ मध्ये आली होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात रद्द झाली. त्या बातमीने पुष्कळजणी गोंधळल्या. जोडीदारांची तीन वर्षांची तरतूद वेगळी आहे आणि ती तशीच आहे.

लग्न कुठे, तर माझं मत पुण्यात किंवा सांगलीत, विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम झालेला पुरतो, आणि तू तर तिथेच राहतेस. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, तेव्हा डिसेंबरचा मुहूर्त असेल तर ऑक्टोबरातच नोटीस द्या. त्याला त्याच्या श्टांडेसआम्टमधून, म्हणजे तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयातून, लग्नाला अडचण नसल्याचं प्रमाणपत्र सहज मिळतं. उलट तू इथे येऊन लग्न करायचं म्हटलंस तर तसंच प्रमाणपत्र तुझ्याकडून मागतात. भारतात ते दिलंच जात नाही, मग त्यातून सूट मिळवायला उच्च प्रादेशिक न्यायालयाकडे प्रकरण जातं, आणि तुझी सगळी कागदपत्रं भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत तपासली जातात. त्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून तर इथली कितीतरी मिश्र जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात.

लग्नानंतर तुला जोडीदाराचा व्हिसा काढायचा आहे. त्यासाठी ए-वन पातळीची जर्मनची परीक्षा आधीच पास व्हावी लागते. काही अपवाद आहेत, पण तू त्यांच्या भरवशावर राहू नकोस. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, आजच चौकशी कर. ए-वन म्हणजे नाव-गाव सांगणं, भाजी विकत घेणं, फॉर्म भरणं, एवढंच. तू ए-टूपर्यंत पोचून आलीस तर इथले पहिले सहा महिने तुझे असतील. नाहीतर प्रत्येक कागद नवऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि त्याच्यासारखा प्रेमळ माणूस असला तरी ते मनाला टोचत राहतं. मी भाषेवर इतका जोर देते त्याचं कारण पुढे येईलच.

इथे आल्यावर पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, आणि मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, आउसलेंडरबेहोर्डेतून, राहण्याचा परवाना. सहसा सुरुवातीलाच तीन वर्षांचा देतात आणि कुठलीही नोकरी करायची मुभा असते. भाषेच्या इंटिग्रेशन कोर्सला जा. ६०० तासिका भाषेच्या, १०० तासिका देशाच्या इतिहासाच्या आणि कायद्याच्या. शेवटी बी-वनची, म्हणजे ए-टूच्या वरच्या पातळीची, परीक्षा आणि ३३ प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी. ३३ पैकी १७ बरोबर आले की तीच नागरिकत्वासाठीही चालते. ३१० प्रश्न आधीच जाहीर केलेले आहेत, ३०० सगळ्या देशासाठी आणि १० आपल्या राज्याचे. तुला बायर्नचे, म्हणजे न्यूर्नबर्ग ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याचे, पाठ करावे लागतील. दहावीच्या नागरिकशास्त्रासारखं मन लावून केलंस तर अवघड काही नाही.

आता "नाही पटलं तर" हा प्रश्न. आई म्हणतात ते मायेपोटी, पण तू विचारलंस ते योग्यच केलंस, आणि खरं सांगायचं तर तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला हाच महत्त्वाचा वाटतो. परवाना लग्नाच्या आधारावर मिळतो, तेव्हा सुरुवातीला तो लग्नाला बांधलेला असतो. इथे एकत्र संसाराला तीन वर्षं झाली, की वेगळं झाल्यावरही तुला स्वतःच्या हक्काने परवाना मिळतो. मारहाण, छळ असं काही असेल तर तीन वर्षांची अट बाजूला ठेवतात. कुणालाही कधीही लागू शकतो म्हणून एक नंबर सांगते : ११६ ०१६. बायकांवरच्या अत्याचारासाठीची देशभराची मदतवाहिनी आहे, फोन फुकट, रात्रंदिवस, आणि जर्मन येत नसेल तर दुभाषी जोडून देतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीला नवरा सांगायचा, "पोलिसात गेलीस तर दुसऱ्या दिवशी तुला विमानात बसवतील." तिने ते खरं मानलं आणि दोन वर्षं सोसलं. ते धादांत खोटं होतं. ती आज न्यूर्नबर्गमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, बालवाडीत शिकवते.

तीन वर्षं झाली आणि बी-वन असलं की कायमचा परवानाही मिळतो, त्याला इथे सगळे नीडरलासुंग म्हणतात. माझं मत असं की आधी तो घे. लग्नाला न टांगलेला, तुझ्या एकटीच्या नावावरचा हक्क हातात आला की नागरिकत्वाचा निर्णय शांतपणे घेता येतो. तुझी नोकरी, तुझी भाषा, तुझं बँक खातं आणि तुझा परवाना, या चार गोष्टी आधी. पासपोर्ट नंतर.

मी २०१९ मध्येच पात्र झाले होते. पाच वर्षं थांबले, कारण भारताचं नागरिकत्व सोडायला मन तयार नव्हतं. इथे एक नीट समजून घे. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. त्यामुळे इथल्या तुर्की, ब्राझिलियन बायका दोन्ही पासपोर्ट ठेवतात. आपल्याला ते जमत नाही, आणि त्याला कारण भारताचा कायदा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं आपोआप संपतं. मी "सोडलं" असं कुठे लिहून द्यावं लागत नाही, ते संपलेलंच असतं. म्हणून जर्मन प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर जुन्या निळ्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, एकदाही नाही. "आता एवढी एक ट्रिप करून येते" म्हणणारे भेटतील. तो गुन्हा आहे आणि दंड होतो.

मग २०२४ साली काय बदललं? त्या जानेवारीत बातमी आली की पॉट्सडॅमजवळ काही उजव्या मंडळींची बैठक झाली, आणि परदेशी वंशाच्या लोकांना, अगदी नागरिक झालेल्यांनाही, देशातून घालवण्याची योजना तिथे मांडली गेली. पुढचे कितीतरी शनिवार-रविवार शहराशहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. न्यूर्नबर्गच्या मोर्चाला मी लेकीला घेऊन गेले होते. आजूबाजूला म्हातारी जर्मन जोडपी हाताने लिहिलेले फलक घेऊन थंडीत उभी होती, आमच्यासाठी. तिथेच मनात आलं की ही माणसं माझ्यासाठी उभी राहतात, आणि मतदानाच्या दिवशी मात्र मी घरी बसते. मी इथे कर भरते, माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, तिथे काय शिकवायचं ते ठरवणारे लोक निवडण्यात माझा वाटा नाही. आठवडाभरात अर्ज भरला.

फी २५५ युरो. पगाराच्या स्लिपा, घराचा करार, बी-वन, चाचणीचा निकाल, लग्नाचा दाखला, जन्मदाखला. जर्मनीच्या घटनेतल्या लोकशाही तत्त्वांशी बांधील असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि नव्या कायद्याप्रमाणे नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दलची या देशाची ऐतिहासिक जबाबदारी, विशेषतः ज्यूंच्या जीविताचं रक्षण, मान्य असल्याचंही. न्यूर्नबर्गात राहून त्याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. नाझींचे मेळावे व्हायचे ते मैदान आणि नंतर त्यांच्यावर खटला चालला ते न्यायालय, दोन्ही याच शहरात आहेत. मी सही करण्याआधी दोन्हीकडे पुन्हा जाऊन आले.

माझं काम त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं. सगळीकडे इतकं लवकर होत नाही, मोठ्या शहरांत वर्ष-दीड वर्ष लागलेल्या मैत्रिणी आहेत. तीन महिने झाले आणि कार्यालयाने सबळ कारणाशिवाय काहीच केलं नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते, पण आधी एक नम्र पत्र लिही, पुष्कळदा तेवढ्यानेच काम हलतं. प्रमाणपत्र देताना उभं राहून एक वाक्य म्हणायचं असतं, घटना आणि कायदे पाळीन आणि देशाला अपाय होईल असं काही करणार नाही, असं. मी ते न अडखळता म्हटलं. २३ फेब्रुवारी २०२५ ला पहिल्यांदा मत दिलं. मतदानाचं पत्र पोस्टाने घरी आलं तेव्हा माझं नाव वाचून मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्यानंतरचा भारताचा भाग. जुना पासपोर्ट म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारून परत देतात, तो जपून ठेव. मग ओसीआय कार्ड, मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते. आयुष्यभराचा व्हिसा, कितीही वेळा ये-जा, कितीही दिवस राहा, पोलिसात नोंदणी नको. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आई-बाबांकडे येण्याजाण्यात ओसीआयने काहीही अडत नाही. अडचण येते ती मधल्या काळात. प्रमाणपत्र मिळालं, नवा पासपोर्ट यायचाय, ओसीआयला अजून काही आठवडे, आणि नेमका तेव्हाच घरून फोन आला तर? तेव्हा आई-बाबांची तब्येत नाजूक असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर प्रमाणपत्र घेण्याची तारीख पुढे ढकल. तसं सांगितलं तर ऐकतात. नवा पासपोर्ट हातात असेल आणि ओसीआय राहिलं असेल तर ई-व्हिसावर येता येतं.

एक शेवटचं. एकदा मिळालेलं नागरिकत्व घटस्फोटाने जात नाही. खोटी माहिती देऊन, लबाडीने घेतलं असेल तरच काढून घेतात, आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत आहे. कार्यालयाला संशय आला तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारतात. तुम्हाला त्याचं भय नको. उसाला पाणी कुणी पाजलं हे तुम्ही दोघंही सारखंच सांगाल.

सातबारा

ताई, मी सांगलीला वकिली करतो, जमिनीचीच कामं जास्त. हक्कसोडपत्रावर सही करू नका. निदान या कारणासाठी तरी नकोच, कारण हे कारण चुकीचं आहे.

वारसाहक्क नागरिकत्वाने जात नाही. बापाच्या मिळकतीत मुलीचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याने आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार झाली, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर वारसाने नाव लागताना पासपोर्ट कुठल्या देशाचा हा निकष नाही.

परकीय चलन कायद्याचं, म्हणजे फेमाचं, बंधन आहे ते विकत घेण्यावर. आणि लोक इथेच चुकतात : ते बंधन जर्मन पासपोर्टने सुरू होत नाही. तुम्ही कायमच्या तिकडे राहायला गेलात की भारतीय नागरिक असतानाच अनिवासी ठरता, आणि अनिवासी भारतीयालाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता मात्र दोघांनाही येते, अनिवासी भारतीयालाही आणि ओसीआयवाल्यालाही. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल, आणि महाराष्ट्रात तो शेतकरी असावा लागेल. म्हणजे शेतीच्या बाबतीत पासपोर्ट बदलण्याने जवळजवळ काहीच बदलत नाही.

पेग्नित्झकाठ ताईंनी विशेष विवाह कायदा सुचवला ते बरोबर आहे, पण त्याचं कलम १९ वाचून ठेवा. हिंदू एकत्र कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं की ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं धरतात. जोडीदारही हिंदू असेल तर हे लागू होत नाही, तुमच्या बाबतीत होईल. वेगळं होणं म्हणजे हिस्सा गमावणं नव्हे. कलम २० वारसाहक्क राखून ठेवतं. पण भावकीतल्या कुणी कलम १९ चा कागद नाचवला तर तुम्हाला उत्तर माहीत असावं. दुसरं, तुमच्या स्वतःच्या मिळकतीला यापुढे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागेल, तेव्हा लग्नानंतर दोघांनीही मृत्युपत्रं करून ठेवा.

हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे घेता येत नाही, कोर्टात जाऊन फसवणूक सिद्ध करावी लागते. भावाला प्रेमाने द्यायचं असेल तर वडिलांच्या पश्चातही देता येतं, दहा वर्षांनीही देता येतं. मुहूर्ताच्या आधी घाई कुणाला आहे ते बघा. आणि भाऊ गप्प आहे म्हणालात, तर त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला, मध्ये कुणी नको. कसायला तोच राहणार आहे, त्याला पीककर्ज, विमा, अनुदान यासाठी तुमच्या सह्या लागतील याची काळजी असू शकते. त्यावर कुलमुखत्यारपत्राचा उपाय आहे, ते दूतावासातही साक्षांकित करून मिळतं. माझ्याकडे आलेल्या दहापैकी आठ घरांत भाऊ जमिनीसाठी भांडत नसतो, कामं अडतील म्हणून धास्तावलेला असतो.

औंधकर

थोडं उलट बाजूने. माझा नवरा फ्रेंच, आम्ही पुण्यातच राहतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही ओसीआय मिळू शकतं हे लक्षात ठेव. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाली की भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआयधारकाचा जोडीदार म्हणून अर्ज करता येतो. फरक एवढाच की त्याचं कार्ड लग्नावर अवलंबून असतं, घटस्फोट झाला तर रद्द होतं. तुझं ओसीआय मात्र तू मूळची भारतीय म्हणून मिळतं, त्याचा लग्नाशी संबंध नाही.

भारताचं नागरिकत्व त्याला हवं असेल तर जोडीदार म्हणून सात वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यातले अर्जाआधीचे बारा महिने सलग. माझ्या नवऱ्याने तो विचार सोडून दिला, कारण त्याचे आई-वडील ल्योंला आहेत आणि फ्रेंच पासपोर्ट सोडायची त्याची तयारी नाही. आम्ही दोघं आपापला पासपोर्ट ठेवून मजेत आहोत. हाही एक मार्ग आहे, कुणी कुणाचं घ्यायलाच हवं असं नाही.

ऊसपट्टा

सगळ्यांचे किती आभार मानू. सातबारा दादांचं वाचून काल भावाला फोन केला. तुम्ही म्हणालात तेच निघालं. सोसायटीच्या कर्जाला माझी सही लागेल आणि मी तिकडे असेन, याचीच त्याला भीती होती. हक्कसोडपत्राचं त्याच्या मनातही नव्हतं. बाबांना रात्री सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मुखत्यारपत्र करू, नाव ऱ्हाऊ दे."

पेग्नित्झकाठ ताई, एक विचारायचं राहिलं. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं नाव आणि बाबांचं नाव असं एकत्र आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकडे त्याने अडचण येते का? लग्नानंतर आडनाव बदलावं का?

पेग्नित्झकाठ

भावाचं वाचून फार बरं वाटलं.

नावाचं : जर्मन कार्यालयात पहिल्या रकान्यातली दोन्ही नावं तुझीच धरतात. त्यामुळे तुझ्या विमा कार्डावर, बँकेच्या पत्रावर, डॉक्टरच्या दारावरच्या यादीत वडिलांचंही नाव येईल, आणि कुणीतरी तुला त्याच नावाने हाक मारेल. त्रास तेवढाच. खरा त्रास होतो तो कागदांवर नाव वेगवेगळं असेल तर. आपल्याकडे विवाह नोंदणीत कधी नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहितात, कधी नुसतं नाव-आडनाव. तसं झालं तर इथे प्रत्येक टेबलावर "या दोन बाई एकच कशावरून?" याचा पुरावा देत बसावं लागतं. तेव्हा नोटिशीचा फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेव आणि तिथे जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहून घे. ए-वनच्या परीक्षेच्या नोंदणीतही तेच. जन्मदाखल्यात काही वेगळं असेल तर दुरुस्ती तिथे असतानाच करून घे, इथून करणं फार कठीण जातं.

आडनाव बदलायची सक्ती नाही. मी माझं ठेवलं. १ मे २०२५ पासून इथे नवरा-बायको दोघांनाही जोडआडनाव घेता येतं, तेव्हा तो निर्णय सावकाश करा. पुढे कधी जर्मन नागरिक झालीस तर त्या वेळी श्टांडेसआम्टमध्ये एक जबाब देऊन नावाची मांडणी जर्मन पद्धतीची करून घेता येते, वडिलांचं नाव ठेवायचं की वगळायचं ते तूच ठरवायचं. मी ठेवलं आहे. माझ्या जर्मन पासपोर्टवर बाबांचं नाव आहे.

ए-वनची तारीख मिळाली की इथेच कळव. बोलण्याच्या परीक्षेचा सराव मी रविवारी संध्याकाळी, तुझ्या वेळेने, फोनवर करून घेईन.